बिनसत्तेचा राजा तरी कशाला हवा?

बाळीवेसकर
मार्च 2025 मध्ये काठमांडूत 'राजा परत आणा' म्हणत हजारो लोक रस्त्यावर उतरले. पुढे त्याला हिंसक वळण लागलं, माणसं दगावली. ज्या देशाने 2008 मध्ये 240 वर्षांची राजेशाही संविधान सभेत मतदान करून संपवली, तिथे हे घडलं. नेपाळचं सोडा, आपल्या सोलापुरातही हा विषय निघाला की चांगली शिकलेली माणसं म्हणतात, "त्यात काय वाईट? इंग्लंडात आहे, जपानात आहे. सत्ता नाही, नुसता मान."

माझं म्हणणं असं, की आजच्या काळात राजा नको. सत्तेचा तर नकोच, मानाचाही नको. ब्रिटनमध्ये आजही फौजदारी खटला राजाच्या नावाने चालतो. निवडून आलेल्या खासदाराला राजाशी निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय सभागृहात बसता येत नाही. लोकांनी निवडलेल्या माणसाने न निवडलेल्या माणसापुढे मान तुकवायची, याला 'नुसता मान' कसं म्हणायचं?

आणि हे सोलापूरकराने तरी विसरू नये. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, गावात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्या काळी खटले चालायचे ते सम्राटाच्या नावाने. फाशी कोणाला जाते हे त्या सम्राटाला माहीत असायचीही गरज नव्हती, नाव मात्र त्याचं. त्यामुळे बिनसत्तेच्या नावातही किती ताकद असते हे मला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना दर वेळी आठवतं.

अक्कलकोट रोड
मालक, चार हुतात्म्यांबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारताय. ती परकी सत्ता होती म्हणून फाशी झाली, वर राजा होता म्हणून नव्हे. त्याच 1930 च्या जूनमध्ये फ्रान्सने व्हिएतनाममधल्या येन बायच्या उठावातल्या क्रांतिकारकांना गिलोटिनवर चढवलं. फ्रान्स तेव्हा प्रजासत्ताकच होता. राजा नसल्याने त्यांच्या मानेवरचं पातं हलकं झालं नाही.

आता मानाचं. आपल्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या काठ्यांचे, मान पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहेत. मानकरी कोणी निवडून दिलेले नाहीत. तरीही संमती कट्ट्यावर यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडतात तेव्हा सगळ्या जातीधर्मांचं गाव एका जागी उभं असतं. त्या मानासाठी निवडणूक लावली तर पहिल्याच वर्षी दोन पार्ट्या पडतील. देशालाही असं एक स्थान हवं, जिथे पक्ष पोचत नाही. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स इथे राजघराणी आहेत, म्हणून तिथली लोकशाही आपल्यापेक्षा लेचीपेची आहे असं कोणी म्हणू शकेल का? स्वीडनने तर 1974 च्या राज्यघटनेने राजाची उरलीसुरली राजकीय सत्ताही काढून घेतली आणि राजा ठेवला. मान आणि सत्ता वेगळी करता येते, त्यांनी ती करून दाखवली.

उलट जिथे राजे उडवले तिथे काय आलं ते बघा. इराकात 1958 साली राजा मारला, पुढे सद्दाम. लिबियात 1969 साली राजाला हटवलं, गद्दाफी 42 वर्षं बसला. उत्तर कोरियाच्या नावात प्रजासत्ताक आहे आणि तिथे आजोबा, मुलगा, नातू अशी तिसरी पिढी राज्य करतेय.

बाळीवेसकर
मानकऱ्यांचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. मानकरी कायद्यावर सही करत नाहीत. मुख्यमंत्री कोणाला करायचं हे त्यांना विचारत नाहीत. मान न पटणाऱ्याने यात्रेला जाऊ नये, त्याला कोणी तुरुंगात टाकत नाही. थायलंडमध्ये राजाबद्दल वावगं बोललं तर दंडसंहितेच्या कलम 112 खाली 3 ते 15 वर्षं शिक्षा आहे, तीही एकेका गुन्ह्याला. फेसबुकवर काही टाकलं म्हणून तिथे लोक आत गेलेत. धर्मातला मान श्रद्धेवर चालतो. राष्ट्रप्रमुखाच्या मानामागे पोलीस उभे असतात.

नळदुर्गकर
मी सोलापुरात राहते, पण माहेर नळदुर्गचं. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही त्या मुलखाला मोगलाई म्हणतात, म्हणजे हैदराबादच्या निजामाचं राज्य. 1948 मध्ये रझाकारांच्या भीतीने आमच्या आजीच्या माहेरची माणसं रातोरात हद्द ओलांडून सोलापूरकडे आली. गुरंढोरं, धान्य, सगळं मागे राहिलं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा फौज सोलापूरहूनच निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं.

अक्कलकोट रोडवाल्या भाऊंना मला एवढंच विचारायचंय. तो निजाम 1911 सालापासून गादीवर होता. विद्यापीठ काढलं, दवाखाने बांधले, धरणं बांधली, हे सगळं खरं आहे. पण देश स्वतंत्र झाल्यावर कोणाबरोबर जायचं हे ठरवायची वेळ आली तेव्हा एका माणसाच्या मर्जीवर दीड कोटींहून जास्त लोक टांगले गेले. लोकांनी सांगितलं नव्हतं असं नाही. स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस सांगतच होती. तिला त्याआधी कित्येक वर्षं बंदीच घातलेली. राजा चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. चुकला तर त्याला घरी कसं पाठवायचं, याचं उत्तर राजेशाहीकडे नसतं. आमच्याकडे ते उत्तर लष्कर पाठवून द्यावं लागलं.

आणि त्यानंतरही तोच निजाम 1956 पर्यंत हैदराबादचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा प्रमुख, राहिला, तनखाही मिळाला. घरदार सोडून पळालेल्यांना हे कसं वाटलं असेल याचा विचार करा.

अक्कलकोट रोड
ताई, तुमच्या घरच्यांनी जे सोसलं त्यावर मी वाद घालणार नाही. पण निजाम हा सत्ता असलेला राजा होता. मी त्याची बाजू घेतच नाही. मी घटनेत बांधलेल्या राजाबद्दल बोलतोय.

चुकलेल्या राजाला घरी कसं पाठवायचं याचंही उत्तर आहे. भूतानची 2008 ची राज्यघटना वाचा. राजाने 65 व्या वर्षी गादी सोडायची. त्याने घटनेचा जाणूनबुजून भंग केला तर संसदेच्या तीन चतुर्थांश मतांनी आणि मग सार्वमताने त्याला काढता येतं. ही घटना राजाने स्वतःहून आणवली, लोक तर नको म्हणत होते. 2006 साली पन्नाशीच्या आत-बाहेर असताना त्याने मुलाला गादी दिली आणि 2008 मध्ये देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली.

असा राजा आपल्या शेजारीच होता. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आपल्या सांगोल्याला लागून असलेली आटपाडी त्यांच्याच संस्थानात. 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने, त्यांनी स्वतःची सत्ता ग्रामपंचायतींच्या हातात दिली. तेव्हा सोलापुरात इंग्रजांचा कलेक्टर बसलेला होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत त्याच काळातली. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांना 50 टक्के जागा राखून ठेवल्या. त्या वेळच्या कुठल्या निवडून आलेल्या सभागृहाने एवढं धाडस केलं असतं?

हुरडा पार्टी
शाहू महाराजांचं नाव निघालं की आम्ही हात जोडतो. पण दादा, एकट्या दख्खनमध्ये किती संस्थानं होती ते मोजा आणि त्यांत शाहू किती निघाले ते सांगा. चांगला राजा मिळणं हे नशिबावर. देश नशिबावर चालवायचा?

शिवाय एक गोष्ट कोणीच बोललं नाही. जपानच्या सम्राटाला एकच मूल आहे, ती मुलगी, आणि कायद्याने ती गादीवर येऊ शकत नाही. राजघराण्याबाहेर लग्न केलं की राजकन्येचं राजघराण्यातलं स्थानच जातं. ज्या देशाच्या घटनेत स्त्री-पुरुष समानता लिहिलेली आहे त्याच देशाचं सर्वोच्च पद मुलीला बंद. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग ते राष्ट्राचं प्रतीक कसं? मला त्यांचा प्रश्न योग्य वाटतो.

अक्कलकोट रोड
तो कायदा बदलता येतो. स्वीडनने 1980 मध्ये बदलला, थोरली मुलगी असेल तर तीच वारस. ब्रिटननेही बदलला. त्यासाठी गादीच मोडायची गरज नाही.

आणि संकटात काय होतं तेही बघा. 23 फेब्रुवारी 1981 ला स्पेनच्या संसदेत बंदूकधारी घुसले, लष्करी उठाव झाला. राजा हुआन कार्लोस गणवेशात टीव्हीवर आला, घटनेच्या बाजूने उभा राहिला आणि उठाव कोसळला. आपल्याकडे 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणीचा कागद राष्ट्रपतींसमोर गेला. राष्ट्रपती निवडून आलेले होते. सही झाली. ज्या पक्षाने पद दिलं त्याला नाही म्हणणं अवघड असतं, हे माझं म्हणणं.

बाळीवेसकर
1975 चा मुद्दा जड आहे, तो मी झटकत नाही. पण राजे सही नाकारतातच असं नाही, आणि नाकारतात तेव्हा देशाचं भलंच होतं असंही नाही. ऑक्टोबर 1922 मध्ये मुसोलिनीचे लोक रोमवर चालून येत होते. सरकारने आणीबाणीचा हुकूम तयार केला, इटलीच्या राजाने सही केली नाही आणि मुसोलिनीला पंतप्रधान केलं. पुढची वीस वर्षं इटलीने भोगली. 1946 मध्ये इटालियन जनतेने सार्वमतात राजेशाही संपवली, ती हे सगळं लक्षात ठेवून. नेपाळात 1 फेब्रुवारी 2005 ला राजे ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त करून सत्ता हातात घेतली, तेव्हाही घटना होतीच की. स्पेनचा तोच हुआन कार्लोस पैशांच्या भानगडींची चौकशी लागल्यावर 2020 मध्ये देश सोडून अबू धाबीला गेला.

आपल्या राष्ट्रपतींनी 1975 मध्ये सही केली, पण 1977 मध्ये लोकांनी सरकारच बदललं. मला लोकांवरचा तो भरवसा पुरतो.

अक्कलकोट रोड
मग लोकांनाच ठरवू द्या ना. नॉर्वेने 1905 मध्ये स्वीडनपासून वेगळं होताना सार्वमत घेतलं आणि राजा निवडला. ऑस्ट्रेलियात 1999 मध्ये प्रजासत्ताकाचा प्रस्ताव जवळपास 55 टक्के मतांनी पडला. ही माणसं अडाणी आहेत का? लोकांनी राजा ठेवायचा ठरवला तर तो लोकशाहीचाच निर्णय झाला.

नळदुर्गकर
1905 साली मत दिलेलं एकही माणूस आज हयात नाही. नॉर्वेत त्या सार्वमताला बायकांना मतही नव्हतं. आपण आमदार पाच वर्षांनी पुन्हा तपासतो, मग राजाला एकदाच दिलेलं मत शंभर वर्षं कसं पुरतं? ठेवायचा तर दर पिढीला मत घ्या.

अक्कलकोट रोड
नॉर्वेच्या संसदेत राजेशाही संपवायचा ठराव अधूनमधून येतो आणि मोठ्या फरकाने पडतो. दर पिढीला मत घ्यायला माझी हरकत नाही. तुमची तरी राजा पुन्हा निवडला गेला तर असेल का?

नळदुर्गकर
असेल. मत मी विरोधातच देईन, पण निकाल मानेन. निजामाने आम्हाला तेवढंही विचारलं नव्हतं.