गुहागर तालुक्यातलं कौलारू घर विकलं जात नाहीये: भाव उतरवू, दुरुस्ती करू की थांबू?

खाडीपलीकडे:
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत, जांभ्याचं कौलारू घर विकायचं आहे. साधारण १२०० चौरस फूट, ओटी, माजघर, दोन खोल्या, मागे पडवी. स्वतंत्र गट, ९ गुंठे, सातबारा शेतीचाच. विहीर, १४ माड, ३ हापूस. सातबाऱ्यावर सात नावं आहेत (भावंडं आणि आत्या, एक भाऊ दुबईत), पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर अजून वडिलांच्याच नावे, आणि वडील हयात नाहीत. गाडी रस्त्यावर लावून शेजाऱ्यांच्या आगरातून (नारळाच्या बागेतून) पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरावं लागतं. ४८ लाख सांगतोय. वर्ष होत आलं. माणसं येतात, "छान आहे, कळवतो" म्हणतात आणि गप्प होतात. तीन एजंट लावलेत. भाव उतरवावा, आधी दुरुस्तीवर खर्च करावा, की मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण होईपर्यंत थांबावं?

सातबारा_वाचक:
भावाचं नंतर बघू. "कळवतो" म्हणून गप्प झालेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा सातबारा वकिलाला दाखवून आलेलं असतं. तुमच्या वर्णनातच तीन अडचणी दिसताहेत, आणि चौथी असायची शक्यता आहे.

वाट. माझ्या मते घर अडलंय ते हिच्यापायी. वहिवाट पिढ्यांची असेल, पण नकाशावर नसेल तर घेणारा एकच विचार करतो: उद्या शेजाऱ्याने गडगा (दगडी कुंपण) घातला तर? शेजाऱ्याशी बोलून नोंदणीकृत वहिवाटीचा करार करा. त्यात त्यांचा गट नंबर, वाटेची रुंदी, लांबी आणि "कायमस्वरूपी, वारसांवर व पुढील खरेदीदारांवर बंधनकारक" हे शब्द हवेत. सोबत मोजणीचा नकाशा जोडा. पायवाटेऐवजी दहा फूट रुंदी मिळत असेल तर मोबदला देऊनही घ्या. त्या कराराने घराला जेवढी किंमत येईल तेवढी नव्या फरशीने येणार नाही. शेजारी तयार नसतील तर वाट अडवल्यावर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण तो अडथळा काढण्याचा उपाय आहे, घर विकायला त्याचा उपयोग नाही.

नावं. खरेदीखतावर सातही जणांच्या सह्या लागतील. हे जड जात असेल तर जे बाजूला व्हायला तयार आहेत त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात, बिनमोबदला असेल तर मुद्रांक नाममात्र असतो. पैसे देऊन हक्क सोडवला तर ती सवलत नाही. स्टँपपेपरवर आत्याची नुसती सही घेऊन ठेवली असेल तर तिचा उपयोग नाही. दुबईतल्या भावाने भारतीय वाणिज्य दूतावासासमोर मुखत्यारपत्र करायचं आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. मुदत चुकली की दंड.

एखादा हिस्सेदार अडून बसला तर बाकीच्यांनी आपापले हिस्से विकायचं मनात आणू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला घरात सामाईक ताबा मागता येत नाही. म्हणून असा हिस्सा मातीमोल जातो. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वर्ग १ च्या वारसांना आधी घ्यायचा अग्रहक्क असतो. त्यामुळे भावकीला विचारून घ्या, शक्यतो लेखी.

नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तरीही नाव जुळलेलं लागतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि वारस फेरफाराची नक्कल जोडून अर्ज द्या. मासिक सभेत ठराव होऊन नोंद बदलते.

चौथी, सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना. कुळाचं नाव, सोसायटीचा (शेतीकर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा) जुना बोजा, "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" यातलं काही आहे का? जमीन कुळकायद्याने मिळाली असेल तर ३२-म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याच्या दाखल्याला) दहा वर्षं झाल्यावर आकारणीच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून ती विकता येते. कोकणात आकारणी रुपया-आण्यांतली असते, त्यामुळे रक्कम किरकोळ, पण चलन नसेल तर वकील फाईल मिटवतो. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीचा दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार करून घ्या.

आणि सातबारा शेतीचा असल्यामुळे कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. मुंबईतून येणारी निम्मी माणसं इथेच गळतात. गट गावठाणाच्या हद्दीजवळ असेल तर निवासी (बिगरशेती) वापराचा मार्ग सोपा असतो. सध्याची पद्धत आणि शुल्क तहसीलदार कार्यालयात विचारा. विकताना पूर्ण गट विका. घर एकाला आणि माड दुसऱ्याला असं केलंत की तुकडेबंदी (जमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणारा कायदा) आड येऊ शकते.

कोनवासा:
दुरुस्तीबद्दल. घर सजवू नका, कोरडं आणि टणक करा.

बंद घराला वाळवी का लागते? चूल पेटत असते तोवर धूर वाशांपर्यंत जातो, लाकूड कोरडं राहतं. घर बंद झालं की पहिल्याच पावसाळ्यात दमट हवा कोंडते. वासा मधोमध ठोकून बघू नका. भिंतीवर टेकलेलं त्याचं टोक बघा. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला आणि पिठासारखा भुसा पडला तर टोक गेलंय. सगळं छप्पर उतरवायची गरज नसते. कुजलेले वासे-रीपा बदला, फुटकी कौलं परता, आढ्यावरच्या कोन्यांचा चुना-सिमेंट सुटला असेल तो पुन्हा भरा. हे काम एप्रिलमध्ये उरकायचं. मे अखेरीला गडी मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी ऐकून परत पाठवावे लागतात.

जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा असेल तर गुडघाभर उंचीपर्यंत पोपडे आलेले असणार. चिरा सच्छिद्र, पाणी जमिनीतून वर ओढतो, सिमेंट ते बाहेर पडू देत नाही. त्यावर ऑइल पेंट मारून झाकायला गेलात तर दोन महिन्यांत फुगे येतात, आणि ते बघून गिऱ्हाईक आणखी काय काय झाकलंय ते शोधायला लागतं. सुटलेला भाग खरवडा, चिरा उघडाच सुकू द्या, वर चुना द्या. शेवाळ ब्लीचिंगच्या पाण्याने घासून काढा, पण भिंत पूर्ण वाळल्याशिवाय चुना लावू नका.

विहिरीचा गाळ एप्रिलमध्ये काढा आणि मेच्या मध्यावर पाण्याच्या पातळीचा तारखेसह फोटो ठेवा. तुमच्याकडे खाडी जवळ असेल तर "पाणी मचूळ आहे का" हा प्रश्न येणारच. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासणी करून कागद हातात ठेवा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

वीजमीटर चालू ठेवा. बिल थकून कायमचा तोडला की नवीन जोडणीचे उंबरे घेणाऱ्याला झिजवावे लागतात आणि तो ते भावातून कापतो.

नवीन टाईल्स, मॉड्युलर किचन, पीओपी यातलं काहीही करू नका. कौलारू घर बघायला येणारा माणूस हे काढायचा खर्च मनात धरतो.

खाडीपलीकडे:
धन्यवाद. इतर हक्कात सोसायटीचा जुना बोजा खरंच आहे. वाटेबद्दल शेजाऱ्यांशी बोलतो. ४८ चा आकडा मात्र एजंटनेच दिला होता.

रोखठोक_गुंठा:
एजंट आकडा देतो तो तुमचं काम मिळवायला. भाव कसा काढायचा ते बघा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि गट नंबर टाकून सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) पाहता येते. तुमचं गाव आणि लगतची दोन गावं, गेली तीन वर्षं, फक्त ५ ते २० गुंठ्यांचे व्यवहार घ्या. समुद्रदर्शनी जागा वगळा, चार किलोमीटर आतल्या घराला तो भाव लागू नाही. जाहिरातींतले आकडे हे मागणीचे असतात, व्यवहाराचे नव्हेत.

उदाहरणादाखल हिशेब: गुंठ्याला सव्वादोन लाख निघाले तर जमीन सव्वावीस लाख. तसंच नवं बांधायला चौरस फुटाला १८०० रुपये धरले तर १२०० फुटांचे २१ लाख ६० हजार. जुनं पण ठणठणीत घर त्याच्या चाळीस-पन्नास टक्के, म्हणजे ९ ते ११ लाख. विहीर आणि झाडं दीड लाख. बेरीज ३१ ते ३३. तुमच्या गावचे दर घालून बघा. उत्तर याच्या आसपास आलं तर ४८ ऐकून कोणी घासाघीस करायलाही बसणार नाही, इतका कमी आकडा सांगणं त्याला तुमचा अपमान वाटतो.

उतरवायचं तर एकदाच, ठळक. ४८, मग ४७, मग ४६ असं केलंत की लोक पुढच्या उताराची वाट बघतात. तीन एजंटांनी तीन भाव टाकले असतील तर आजच थांबवा. एकाच घराला दोन आकडे दिसले की काहीतरी गडबड आहे असंच वाटतं. एकालाच, सहा महिन्यांसाठी, दलाली लेखी ठरवून द्या.

जाहिरातीत "निसर्गरम्य" लिहू नका. वाटेची रुंदी, रस्त्यापासून पायऱ्या किती, मे महिन्यात विहिरीत पाणी किती फूट, चिपळूण स्टेशनपासून किलोमीटर, मोबाईलला रेंज कुठल्या कंपनीची, हे लिहा. बघायला येणारे मुख्यतः गणपती, शिमगा आणि मे महिन्यात. त्याआधी पंधरा दिवस घर उघडून हवा खेळवा, आगर बेणून घ्या.

महामार्गासाठी थांबायचं म्हणाल, तर ती आशा वर्षानुवर्षं प्रत्येकाने भावात धरलेलीच आहे. ३३ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवीत असते तर वर्षाला दोन लाखांवर व्याज आलं असतं. घरपट्टी, शाकारणी, राखणीला ठेवलेल्या माणसाचे पैसे वेगळेच.

व्याजबट्टा:
वरच्या बिगरशेतीच्या सल्ल्याला एक पुस्ती. ग्रामीण भागातली, खरोखर कसली जाणारी शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरत नाहीत, तिच्या नफ्यावर कर नाही. बिगरशेती केलीत की गिऱ्हाइकं वाढतात, पण ही सूट जाते. घराखालची आणि अंगणाची जागा तशीही घराबरोबरच मोजली जाईल. आधी चार्टर्ड अकाउंटंटकडून दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून घ्या, मग अर्ज करा.

घराच्या नफ्यासाठी: वारसाहक्काने आलेलं आणि २००१ पूर्वीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मिळकतीला निवासी भारतीयाला महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा टक्के, यातला कमी कर भरता येतो. दुबईतला भाऊ अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर रक्कम कितीही असो मूळस्रोतातून करकपात होते. कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच मागवून ठेवा, त्याला वेळ लागतो. निवासी विक्रेत्यांसाठी १ टक्का कपात ५० लाखांपासून, आणि ती एकूण व्यवहारावर बघतात, सात जणांत भागून नव्हे.

भाव ठरवण्याआधी रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) मूल्यांकन काढा. ही सरकारी किंमत व्यवहाराच्या रकमेच्या ११० टक्क्यांहून जास्त निघाली तर तुम्हाला कर सरकारी किमतीवर बसतो आणि घेणाऱ्याला फरकावर. आणि विसार रोखीत घेऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

खाडीपलीकडे:
शेवटचं विचारतो. एक जण म्हणतोय, साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करून किल्ली द्या, आम्ही राहायला लागतो, उरलेले पैसे सहा महिन्यांत देतो. मंद बाजारात हे घ्यावं का?

सातबारा_वाचक:
किल्ली देऊ नका. ताब्यासह साठेखत केलं की त्याला खरेदीखतासारखाच पूर्ण मुद्रांक लागतो, आणि पैसे अडले तर माणूस बाहेर काढायला दिवाणी दावा. साठेखत बिनताब्याचं करा आणि त्याची नोंदणी करा. दहा टक्के विसार धनादेशाने, मुदत ९० दिवस, मुदतीत रक्कम न आल्यास विसारातून किती कापणार तो आकडा लिहा. त्याला राहूनच बघायचं असेल तर वेगळा, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा, अनामत घेऊन. त्यात साठेखताचा उल्लेखसुद्धा नको. सोसायटीचा बोजा उतरल्याचा फेरफार मंजूर होईपर्यंत साठेखताची तारीखही देऊ नका, नाहीतर ९० दिवस तुमच्यावरच उलटतील.