‘निर्जलीकरण’, ‘विघटन’ की ‘हायड्रोजननिरास’?

प्रश्न : फॉर्मिक आम्लापासून हायड्रोजन मिळवून तो इंधनघटाला (हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या घटाला) पुरवण्याच्या पद्धतीवर मराठीत लेख लिहितो आहे. मूळ प्रक्रियेसाठी एका मसुद्यात ‘निर्जलीकरण’ आणि दुसऱ्यात ‘विघटन’ असा शब्द आढळला. यांपैकी कोणता ग्राह्य धरावा?

उत्तर : ‘निर्जलीकरण’ येथे चालणार नाही, कारण त्याने अर्थ नेमका उलटतो. फॉर्मिक आम्लाचा रेणू दोन प्रकारे फुटू शकतो : एकात हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड मिळतात, दुसऱ्यात पाणी व कार्बन मोनॉक्साइड. पाणी वेगळे होते ती दुसरी क्रिया म्हणजे निर्जलीकरण. संहत सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने प्रयोगशाळेत कार्बन मोनॉक्साइड तयार करतात, ती हीच. हा वायू इंधनघटात उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि दशलक्ष भागांत दहा भाग इतका असला तरी घटाची कार्यक्षमता घटवतो. तेव्हा ‘निर्जलीकरणाने इंधन मिळते’ असे लिहिणारा लेखक नकळत घटाचे विषच तयार करायला सांगत असतो.

‘विघटन’ चुकीचे नाही, पण दोन्ही क्रिया त्यात सामावतात. आणि या संशोधनाचा सारा भर तर दुसरी क्रिया टाळून पहिलीच घडवणारा उत्प्रेरक शोधण्यावर आहे. 2008 मध्ये जर्मनीत बेलर आणि स्वित्झर्लंडमध्ये लॉरेन्झी या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी रुथेनियमयुक्त उत्प्रेरकांनी सौम्य तापमानाला ही निवड साधल्याचे प्रसिद्ध केले. म्हणून ‘हायड्रोजननिरास’ (रेणूतून हायड्रोजन काढून घेणे) हा शब्द मला नेमका वाटतो. ‘निर्हायड्रोजनीकरण’ही बरोबर आहे, मात्र उच्चारताना दम लागतो.

आणखी एक उत्तर : वरील मताशी सहमत आहे. फक्त ‘हायड्रोजननिर्मिती’ हा शब्दही जपून वापरावा. एक लिटर फॉर्मिक आम्लात सुमारे 53 ग्रॅम हायड्रोजन बांधलेला असतो आणि उत्प्रेरक तो मोकळा करतो. कार्बन डायऑक्साइडचे हायड्रोजनीकरण करून ते आम्ल बनवले असेल, तर आधी साठवलेलाच हायड्रोजन परत मिळतो. तेथे ‘हायड्रोजनमुक्ती’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

ॲसिटिक आम्लाची गोष्ट वेगळी आहे. सूक्ष्मजीवी विद्युत अपघटन घटात जिवाणू धनाग्रावर त्या आम्लाचे ऑक्सिडीकरण करतात, बाहेरून थोडा विद्युतदाब द्यावा लागतो आणि हायड्रोजन वायू ऋणाग्रावर तयार होतो. तेथे ‘निर्मिती’ निःशंकपणे लिहावे, ‘हायड्रोजननिरास’ मात्र लिहू नये.