मालवण-देवगड, आईच्या गुडघ्यांसकट: मदत हवी आहे

डिसेंबरात आईबाबांना घेऊन सिंधुदुर्गात यायचं ठरतंय. रेल्वेने कुडाळला उतरू. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे मुख्य शंका सिंधुदुर्ग किल्ल्याची. मालवणच्या धक्क्यावरून होडीत चढताना-उतरताना कुणी हात देतं का? की ओहोटीला पायरी खूप खाली जाते? भरतीची वेळ साधून गेलं तर सोपं पडेल का? बाबांना आतलं शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी पाहायच्याच आहेत (खाऱ्या समुद्रात गोडं पाणी, हे ते गेला महिनाभर ऐकवतायत). १६६४ साली पायाभरणी झालेला किल्ला बघायचा तर निवांत वेळ हवा, घाईची फेरी नको.

होडी जमणार नसेल तर विजयदुर्ग करू, तिथे जमिनीवरून जाता येतं. पण आतली चढण कितपत आहे? वाटेत कुणकेश्वरही होईल.

तारकर्लीचे पाण्यातले खेळ आम्हाला नकोत. सावंतवाडीत गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) हाताने रंगवताना बघायला मिळतं का, आणि आधी कळवावं लागतं का?

राहायला तळमजल्याची खोली, कमोड आणि घरगुती जेवण असलेली जागा मालवणात कुणी सुचवेल का? बाबा शाकाहारी, बाकी आम्ही सगळे बांगड्यावर टपलेले.