मदत हवी आहे : १८४४ च्या पत्रावरचा लाल 'पेड' शिक्का अस्सल की नंतर मारलेला?

पुण्याहून मुंबईच्या एका पेढीला गेलेलं घडीचं पत्र आहे. पाकीट नाही, लाखेची खूण शिल्लक आहे. मजकूर मोडीत, मिती कार्तिक शके १७६६, म्हणजे १८५४ च्या पहिल्या अखिल भारतीय टपाल तिकिटांच्या दहा वर्षं आधीचं. दर्शनी बाजूला लांबट चौकटीत इंग्रजी 'पूना पेड', लाल शाईत. मागे मात्र काळ्या शाईने हाताने आण्यांचा आकडा.

अडचण इथेच आहे. त्या काळी पैसे आगाऊ भरलेल्या टपालाला लाल आणि बेअरिंगला, म्हणजे पत्र घेणाऱ्याने पैसे द्यायच्या टपालाला, काळी शाई, हा नियम. मग आगाऊ भरलेल्या पत्रावर काळा आकडा कशाला? एकाच पत्रावर दोन्ही, हे जरा अतीच वाटतं.

दहापट भिंगातून पाहिलं. चौकटीची एक कड घडीवरून जाते आणि तिथे कागद तडकलाय, त्या तड्याच्या आतल्या तंतूंतही लाली दिसते. यूव्ही दिव्याखाली शाई चमकत नाही, पण त्यावरून काहीच ठरत नाही.

पाणी किंवा रसायन लावायचं नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, त्यामुळे पुरावस्तू कायद्याच्या भानगडीत पडून परदेशी तज्ज्ञांकडेही पाठवायची नाही. किंमत विचारत नाहीये, विकायचं नाही.

फोटो टाकतोच आहे. तड्यात उतरलेली लाली म्हणजे शिक्का नंतरचा असं धरायचं, की दमट हवेत जुनी शाईही तशी झिरपते? आणि मागचा आकडा टपालखात्याचा की पेढीच्या कारकुनाचा, हे कशावरून ओळखता?