नव्या लॅपटॉपच्या तापण्याबाबत: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सौ. गोखले (ब-३०३): सर्वांना नमस्कार. हा विषय ग्रुपवर मांडू नये असे ह्यांचे मत होते, परंतु आता राहवत नाही म्हणून लिहिते. कन्येच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेला लॅपटॉप इतका तापतो, की कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवले तर तव्याला लागल्यासारखे झटकन मागे घ्यावे लागते. पंख्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. दुकानदाराला फोन केला असता "नवीन मशीन थोडे तापतेच, मॅडम" एवढेच उत्तर मिळाले. ज्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्या दुकानात गेलो, त्यांनी यात लक्ष घालावे ही विनंती. नाव लिहीत नाही.

श्री. कदम (क-४०२, खजिनदार): वहिनी, नाव न लिहिल्याबद्दल आभारी आहे, ते लिहिण्याची गरज उरलेली नाही. त्या दुकानाचा पत्ता मी ग्रुपवर दिला तो तिघांनी विचारला म्हणून, आणि त्या दुकानाशी माझा काडीचाही आर्थिक संबंध नाही, हे मी मागच्या खेपेस प्रिंटरच्या प्रकरणातही स्पष्ट केले होते. कोणता लॅपटॉप घ्यावा हे मी कोणालाही सांगितलेले नाही.

जोशीकाका (अ-२०४): वहिनींनी फार घाई करू नये असे मला वाटते. त्यावर फुलके फुगत असतील, तर गॅसच्या बिलात लॅपटॉपची किंमत वसूल होईल.

श्री. साने (अ-१०१): गोखलेवहिनी, या सर्वांचे मूळ अर्थिंगमध्ये आहे. ब विंगच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी पाणी घातल्याला किती काळ लोटला, हे कार्यकारिणीने सांगावे. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना त्याच्या धातूच्या कडेवरून हात फिरवला तर मुंग्या आल्यासारखे वाटते का, एवढेच मला कळवा.

सौ. गोखले (ब-३०३): हो काका, वाटते खरे.

श्री. साने (अ-१०१): मग सिद्धच झाले.

श्री. भोसले (क-१०३, सचिव): सानेसाहेब, अर्थिंगचा विषय गेल्या वार्षिक सभेत आपणच मांडला होता, त्यावर ठराव झाला आहे आणि कंत्राटदाराची दरपत्रके मागवली आहेत. कृपया लॅपटॉपचा आणि इमारतीच्या वायरिंगचा संबंध घाईने जोडू नये. उद्या कोणाचे दूध नासले तरी ते कार्यकारिणीच्या खात्यावर पडेल.

रोहन पाटील (ब-५०१): सानेकाकांचे एक म्हणणे बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. धातूचे अंग असलेल्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येतात, त्या चार्जरमधून येणाऱ्या अगदी सूक्ष्म गळतीच्या प्रवाहामुळे. चार्जर तीन पिनांचा असेल आणि सॉकेटचे अर्थिंग ठीक असेल, तर त्या थांबायला हव्यात. चार्जर तीन पिनांचा असूनही मुंग्या येत असतील तर ते सॉकेट तपासून घ्यावे, यात दुमत नाही. मात्र लॅपटॉप तापण्याशी याचा संबंध नाही. उष्णता प्रोसेसरमध्ये तयार होते आणि ती पंख्याने बाहेर टाकायची असते. ती तयारच जास्त होते आहे की बाहेर पडत नाही, एवढे आधी ठरवले पाहिजे. वहिनी, तो कुठे ठेवून वापरला जातो आणि तापतो त्या वेळी त्यावर काय चालू असते?

सौ. गोखले (ब-३०३): खरे सांगायचे तर बहुतेक वेळा पलंगावर, दुलईवर. काय चालू असते ते मला समजत नाही. ती म्हणते की काहीच चालू नसते. पण याहून विचित्र गोष्ट म्हणजे परवा घरातून झाकण मिटून सॅकमध्ये ठेवलेला लॅपटॉप महाविद्यालयात पोहोचल्यावर काढला तर भट्टीतून काढल्यासारखा होता आणि बॅटरी निम्म्यावर आली होती. मिटलेला लॅपटॉप कसा काय तापू शकतो?

श्री. कदम (क-४०२, खजिनदार): दुलईवर. मी काही म्हणत नाही. केवळ नोंद घ्यावी.

रोहन पाटील (ब-५०१): दुलईचे आधी सांगतो. बहुतेक लॅपटॉप खालच्या बाजूच्या जाळीतून हवा आत ओढतात आणि बिजागरीजवळून किंवा कडेने गरम हवा बाहेर टाकतात. खाली दुलई असली की ती जाळीच झाकली जाते, पंखा जोर करत राहतो आणि आवाज स्वयंपाकघरात पोहोचतो. मांडीवरही ठेवू नये. रोजच्या अशा उष्णतेने मांडीच्या त्वचेवर जाळीदार, तांबूस-करडे डाग पडतात, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. शिवाय अनेक कंपन्या आपल्या पुस्तिकेत भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे लिहितात, आणि एप्रिलच्या दुपारी पुण्यातला पारा ४० ला टेकतो.

सॅकमधला प्रकार वेगळा आहे आणि मला तो जास्त काळजीचा वाटतो. हल्लीच्या विंडोज लॅपटॉपमध्ये झाकण मिटले म्हणजे यंत्र पूर्ण थांबते असे नाही. ते मोबाइलसारखे अर्धवट जागे राहते, इंटरनेटशी जोडलेले राहू शकते, मध्येच अद्ययावत होण्याचे काम काढते, आणि बंद सॅकमध्ये ती उष्णता जायला वाट नसते. यावर उपाय असा, की कंट्रोल पॅनलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट निवडावे. हायबरनेटमध्ये उघडलेले सर्व काम डिस्कवर साठवून यंत्र खरोखर बंद होते. उघडताना थोडी वाट पाहावी लागते, एवढेच.

श्री. साने (अ-१०१): पाटील यांनी माझे म्हणणे बरोबर असल्याचे मान्य केले आहे. सर्वांच्या माहितीसाठी पुन्हा लिहितो: चार्जिंग चालू असताना मुंग्या येत असतील तर दोष अर्थिंगचा आहे.

सौ. कुलकर्णी (अ-४०१): माझ्या भाच्याचाही असाच तापत होता. तपकीर गल्लीच्या जवळ एक ओळखीचा कारागीर आहे, त्याने उघडून आत नवीन पेस्ट लावून दिली आणि तेव्हापासून तक्रार नाही. हवा असल्यास नंबर देते.

रोहन पाटील (ब-५०१): काकू, तीन-चार वर्षे वापरलेल्या लॅपटॉपला तो उपाय योग्य आहे, कारण प्रोसेसर आणि त्यावरच्या तांब्याच्या पट्टीमधील पेस्ट काळाने सुकते. परंतु महिनाभराच्या यंत्राला बाहेरच्या माणसाचा स्क्रू-ड्रायव्हर लागला, तर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतेच निमित्त मिळेल.

जोशीकाका (अ-२०४): तोपर्यंत फ्रिजमध्ये ठेवून पाहावा काय? आमच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात जागा आहे.

रोहन पाटील (ब-५०१): काका, आपण गमतीने लिहिले असले तरी कोणीतरी खरेच करेल म्हणून सांगतो: थंड यंत्र बाहेर काढताच हवेतील बाष्प त्यावर आणि त्याच्या आत जमते, आणि मग तापण्याची तक्रार कायमची मिटते.

श्री. कदम (क-४०२, खजिनदार): एकंदरीत दोष दुलईचा, सॅकचा आणि उन्हाळ्याचा आहे असे दिसते. ज्यांनी दुकानाबद्दल, आणि पर्यायाने माझ्याबद्दल, ग्रुपवर संशय व्यक्त केला त्यांनी तो ग्रुपवरच मागे घ्यावा.

श्रीमती लिमये (अ-३०२): कदम, एवढ्यात निकाल लावू नका. अजून काहीही तपासलेले नाही. गोखलेवहिनी, पावतीवर काय छापले आहे ते वाचून सांगा.

सौ. गोखले (ब-३०३): "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही", आणि खाली दुकानाचा शिक्का.

श्रीमती लिमये (अ-३०२): वाटलेच. १९७४ साली याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, आणि तरीही हे वाक्य पावतीवरून जात नाही. वकिलीच्या दिवसांपासून हे मला सलत आले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या पावतीवर मुदत नाही, म्हणजे ३० दिवस धरायचे, आणि पाडवा होऊन किती दिवस झाले ते कॅलेंडरवर पाहा. फोनवर बोलून उपयोग नाही. दुकानाला आणि कंपनीला दोघांनाही आजच ई-मेल करा, त्यात तारीख, अनुक्रमांक आणि तक्रार नेमक्या शब्दांत लिहा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे; तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

मात्र तापतो म्हणजे सदोष आहे, असे आयोग ऐकून घेणार नाही. दोष दाखवावा लागेल, आणि त्यासाठी पाटलांसारख्याची मदत घ्या.

श्री. कदम (क-४०२, खजिनदार): लिमयेताई, आपल्याबद्दल आदर राखून विचारतो, की प्रत्येक गोष्ट आयोगापर्यंत नेलीच पाहिजे का? तो दुकानदार मराठी माणूस आहे, उधारीवरही माल देतो.

श्रीमती लिमये (अ-३०२): मी ई-मेलपर्यंतच नेली आहे, कदम. आणि वहिनींनी रोख दिले आहेत.

रोहन पाटील (ब-५०१): वहिनी, आज संध्याकाळी लॅपटॉप टेबलावर ठेवा, मागची कड दोन जाड वह्यांवर टेकवून थोडी उचला म्हणजे खालची जाळी मोकळी राहील. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर दाबले की सर्वांत जास्त काम करणारे प्रोग्रॅम वर येतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. काम चालू नसताना साधारण ४० ते ५५ अंश, उन्हाळ्यात त्याहून थोडे अधिक, हे मी सामान्य मानतो. कॅडचे, म्हणजे संगणकावर अभियांत्रिकी आराखडे काढण्याचे, काम चालू असताना ९० पार गेले तरी घाबरू नये. अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते आणि तिथे पोहोचल्यावर ते स्वतःहून वेग कमी करतात. प्रश्न तेव्हाच, जेव्हा काहीही चालू नसताना आकडा ८०-९० वर राहतो.

श्री. साने (अ-१०१): माझ्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलेले नाही म्हणून पुन्हा देत आहे: चार्जिंग चालू असताना मुंग्या येत असतील तर दोष अर्थिंगचा आहे.

श्री. भोसले (क-१०३, सचिव): सानेसाहेब, उत्तर दोन वेळा दिले आहे.

सौ. गोखले (ब-३०३): कालचा वृत्तांत देते. टास्क मॅनेजरमध्ये सर्वांत वर एक क्लाउडची सेवा होती. कन्येने जुन्या मोबाइलमधील सर्व छायाचित्रे नव्या लॅपटॉपवर घेतली आणि ती सेवा तेव्हापासून ती वर चढवत बसली आहे. "काहीच चालू नसते" याचा अर्थ आता कळला. ती थांबवली आणि झाकणाची सेटिंगही बदलली. आज सॅकमधून लॅपटॉप थंडगार निघाला. तरीही टेबलावर, काहीही चालू नसताना, आकडा ८४ च्या खाली येत नाही. दुलई कपाटात ठेवली आहे, याची कदमभाऊजींनी नोंद घ्यावी.

रोहन पाटील (ब-५०१): मी आता जाऊन पाहून आलो. या मॉडेलला दोन पंखे आहेत आणि बिजागरीजवळ दोन्ही बाजूंना झरोके आहेत. हलके काम असताना पंखा थांबलेला असू शकतो, म्हणून कॅडचे एक मोठे चित्र फिरवत ठेवले आणि टिश्यू पेपरची पातळ पट्टी आळीपाळीने दोन्ही झरोक्यांपुढे धरली. उजवीकडे ती सरळ आडवी फडफडते. डावीकडे लोंबत राहते, जराही हलत नाही, आणि त्याच बाजूची पट्टी चटका बसेल इतकी तापलेली आहे. डावा पंखा फिरतच नाही असे माझे मत झाले आहे. जो आवाज ऐकू येतो तो एकट्या उजव्याचा आहे. तापमानाच्या आकड्यासह दोन्ही बाजूंचे चित्रीकरण करून वहिनींना दिले आहे. टचपॅड उचलला गेलेला नाही आणि झाकण सपाट बसते, म्हणजे बॅटरी फुगल्याचे दिसत नाही. तरी दुरुस्ती होईपर्यंत रात्रभर चार्जिंगला ठेवू नये आणि कंपनीच्या ॲपमध्ये सोय असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करावी.

जाता जाता, आमच्या मजल्यावर स्लॅबखाली खोलीच ३७ अंश असते, आणि वॉटरप्रूफिंगसोबत गच्चीला पांढरा थर देण्याचा अर्ज अजून कार्यकारिणीकडे पडून आहे.

श्री. भोसले (क-१०३, सचिव): तो विषय वेगळा आहे.

श्रीमती लिमये (अ-३०२): आता आपल्या हातात दोष आहे. वहिनी, ते चित्रीकरण ई-मेलला जोडा आणि दुरुस्ती नको, बदलून द्या किंवा पैसे परत करा, असे स्पष्ट लिहा. पंखा बदलून घेतला तर तो नवा लॅपटॉप राहत नाही, दुरुस्त केलेला होतो.

रोहन पाटील (ब-५०१): लिमयेमावशी, येथे माझे मत थोडे वेगळे आहे. पंखा हा स्वतंत्र भाग असतो आणि कंपनीचा माणूस तो अर्ध्या तासात बदलतो, तर बदलीचे यंत्र येईपर्यंत तिच्या सबमिशनच्या तारखा निघून जातील.

श्रीमती लिमये (अ-३०२): ते वहिनींनी ठरवावे. मागणी मात्र लेखी राहू द्या. नंतर पंख्यावर तडजोड करता येते, उलटे करता येत नाही.

सौ. गोखले (ब-३०३): तसेच लिहून ई-मेल पाठवला आणि उत्तर आले. कंपनीचा माणूस शनिवारी सकाळी अकरा वाजता घरी येऊन तपासणी करणार आहे. दुकानदार मात्र फोन उचलत नाही.

श्री. कदम (क-४०२, खजिनदार): तो माझा फोन उचलतो. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः आपल्यासोबत दुकानात येईन, पावती आणि ई-मेलची छापील प्रत बरोबर घ्यावी. आर्थिक संबंध नसल्याचे मी वर लिहिलेच आहे, तरी पत्ता मी दिला होता हेही खरे आहे.

सौ. गोखले (ब-३०३): आभारी आहे, भाऊजी. साडेसहाला निघू.

श्री. साने (अ-१०१): शनिवारी अकरा वाजता मी टेस्टर आणि मीटर घेऊन उपस्थित राहीन. कंपनीच्या माणसासमोरच सॉकेट तपासून घेऊ.

श्री. भोसले (क-१०३, सचिव): अवश्य तपासा. वहिनी, येणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव आणि दुचाकीचा क्रमांक शुक्रवारी रात्रीपर्यंत फाटकावर लिहून द्या, नाहीतर रखवालदार त्याला आत सोडणार नाही.