किनाऱ्यावर सापडणारा जहाजावरचा माल कोठून येतो आणि तो कोणाचा?

प्रश्न (अंधेरी):
नमस्कार. मी पावसाळ्यातही रोज सकाळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फिरायला जातो. गेल्या आठवड्यात उधाण ओसरल्यावर काडीकचऱ्यात अडकलेले, साबुदाण्याएवढे पांढरे दाणे दिसले आणि जवळच झाकण न उघडलेले एक निळे पिंप वाळूत रुतलेले होते. गेल्या वर्षी कोचीजवळ बुडालेल्या ‘एमएससी एल्सा ३’ या जहाजाचा हा माल असेल का? असा माल ज्याला सापडेल त्याचा होतो, असे दोघेतिघे म्हणाले. ते खरे आहे का?

उत्तर १ (माझगाव, निवृत्त जहाज अधिकारी):
पिंपाला कृपया हात लावू नका. आधी ११२ वर कळवा. ‘एल्सा ३’ २५ मे २०२५ रोजी बुडाले तेव्हा त्यावर ६४० कंटेनर होते, आणि त्यांपैकी काहींत कॅल्शियम कार्बाइड होते, ज्याला पाणी लागताच ज्वालाग्राही वायू सुटतो. म्हणून बाहेरून निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूचाही भरवसा धरू नये.

तरीही तुमचे दाणे त्या जहाजाचे असावेत, असे मला वाटत नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळेच त्या जहाजातले प्लास्टिकचे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्याला लागले, आणि तेच दाणे त्याच मोसमात उलट वर मुंबईला येणे कठीण आहे. हे दाणे म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू घडवण्याचा कच्चा माल असतो, तो कारखान्यांच्या आवारातून सांडून नाल्यांवाटेही समुद्रात पोहोचतो. पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते वर्षानुवर्षे तरंगत राहतात. बंद कंटेनरचे तसे नसते: तो काही दिवस अर्धवट बुडालेला तरंगतो आणि फटींतून पाणी शिरत गेले की तळाला जातो.

उत्तर २ (वर्सोवा कोळीवाडा):
हे अर्धवट बुडालेले कंटेनरच आम्हाला सर्वांत धोक्याचे वाटतात, कारण रात्री होडीवरून ते दिसतच नाहीत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली, ‘चित्रा’ कलंडले, त्यावरचे दोनशेहून अधिक कंटेनर पाण्यात पडले, इंधन तेल पसरले आणि बंदरातली वाहतूक काही दिवस थांबली. नारळी पौर्णिमा तेव्हा जेमतेम अडीच आठवड्यांवर आली होती. होड्या रंगवून तयार होत्या, पण तेलाच्या धास्तीने लोकांनी मासळी घेणेच कमी केले आणि आमच्या आईची टोपली कितीतरी दिवस भरलेलीच घरी परत येत होती. माल वाहून आला की लोक गोळा होतात. आमच्या घरात मात्र तेव्हापासून अशा मालाला कोणी शिवत नाही.

उत्तर ३ (दादर, वकील):
‘सापडेल त्याचा’ हा समज चुकीचा आहे. १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्यानुसार, जहाजातून पडून किनाऱ्याला लागलेला माल सापडणाऱ्याने त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे सोपवणे बंधनकारक होते, आणि मूळ मालकाला दावा सांगण्यासाठी एक वर्षाची मुदत होती. २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला असला, तरी वाहून आल्याने मालकाचा हक्क संपतो, असे मानून माल घरी नेण्याची चूक कोणी करू नये.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी पोलिसांना कळवले. त्यांनी पिंपाभोवती दोरी बांधून लोकांना दूर केले. दाणे मात्र अजून तेथेच आहेत. रविवारी ओहोटीच्या वेळी आम्ही चौघे शेजारी हातमोजे घालून, वाळू चाळणीने चाळून ते वेचणार आहोत. कोळीवाड्यातील कोणाला भरती-ओहोटीची नेमकी वेळ सांगता आली, तर उपकार होतील.