पवनचक्कीचं घर केलं तर ती वाचली म्हणायची का?

गिरणीकर
आपल्याकडे पवनचक्की म्हटलं की चाळकेवाडीचं पठार आणि वीज. मी बोलतोय पीठ दळणाऱ्या जुन्या चक्क्यांबद्दल. इंग्लंडात ब्रायटनच्या उत्तरेला, क्लेटन गावाच्या वरच्या टेकडीवर अशा दोन शेजारी शेजारी उभ्या आहेत. काळा विटांचा बुरूज तो जॅक, १८६६ चा. पांढरी लाकडी ती जिल, १८२१ ची. पुढे बंदरांजवळ वाफेवर चालणाऱ्या रोलर गिरण्या आल्या, परदेशी गहू जहाजातून थेट तिथेच उतरू लागला, आणि १९०६ च्या सुमारास या दोघांचंही दळण बंद पडलं. नंतर जॅकचं राहतं घर झालं. जिल स्वयंसेवकांनी दुरुस्त केली आणि १९८६ साली तिच्यातून पुन्हा पीठ निघालं.

माझं मत स्पष्ट आहे. घर केलेली चक्की म्हणजे गोल बंगला, बाकी काही नाही. जॅकची पातीसुद्धा १९७३ साली एका सिनेमाच्या चित्रीकरणासाठी बसवलेली, नुसती दिखाऊ. जिलमध्ये उभं राहिलं की फरक कळतो. तिचा सगळा डोलारा एकाच उभ्या खांबावर तोललेला असतो. पाती फिरायला लागली की पायाखालची फळी हलते, आणि जात्यातून आलेलं पीठ हाताला कोमट लागतं.

काथ्याकूट
कोमट पीठ छान, पण छपराचा खर्च कोण करणार? विटांचा बुरूज रिकामा सोडला की आधी वरची टोपी कुजते, मग पाणी आत शिरतं, मग मजले ढासळतात. इंग्लंडात असे थोटके बुरूज किती उभे आहेत बघा. जॅकमध्ये माणसं राहिली म्हणून कुणीतरी दर पावसाळ्यात गळती शोधली. गोल्फवर लिहिणारे प्रसिद्ध पत्रकार हेन्री लाँगहर्स्ट तिथे राहायचे. त्यांना दळता येत नसेल, घर तर जपता येत होतं ना?

आणि 'मूळ रूप' वगैरे जिलच्या बाबतीत बोलूच नका. ती बांधली ब्रायटनला. १८५२ साली घोडे-बैल जुंपून टेकडीवर ओढत आणली. जिचा पत्ताच बदलला तिच्या शेजाऱ्याला तुम्ही मूळ रूपाचे नियम लावणार?

गिरणीकर
जागा बदलली, काम नाही बदललं. ओढत आणली ती दळायलाच.

डच_जावई
सासुरवाडी रॉटरडॅमजवळ, म्हणून मध्ये पडतो. किंडरडाइकला १९ चक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या आसपासच्या, आणि त्यांत पहिल्यापासून माणसं राहत आली आहेत. खाली चूल, पलंग, पोरंबाळं; वर दातेरी चाकं. काहींत आजही कुटुंबं राहतात. तिथली पाती जमिनीला लागतील इतकी खाली येतात, म्हणून घराला समोरासमोर दोन दारं. ज्या बाजूला पाती फिरतायत ते दार वापरायचं नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. तेव्हा घर की चक्की हा वादच मला कळत नाही.

टाकीवाला
जावईबापू, त्या पाणी उपसणाऱ्या चक्क्या. त्यांचं काम चालतं पाणी उचलणाऱ्या एका चाकावर, म्हणून खाली संसार मावतो. पिठाच्या चक्कीत मजल्या-मजल्यावर धान्याच्या कोठ्या, जाती, नळ्या. तिथे पलंग घालायचा तर आधी जातं काढावं लागतं, आणि खरं नुकसान तिथेच होतं. भिंत पुन्हा बांधता येते. दगडाला टाकी लावून खाचा ताज्या करणारा माणूस एकदा गेला की गेला.

(अवांतर: त्याच टेकडीखाली रेल्वेचा बोगदा आहे. त्याच्या तोंडाला किल्ल्यासारखे बुरूज, आणि दोन बुरुजांच्या मध्ये चक्क एक घर! गावाला जागा सोडायचीच नाहीये.)

काथ्याकूट
चालत्या चक्कीचीही गंमत ऐका. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात जिलचे ब्रेक लावलेले होते, तरी वाऱ्याने पाती फिरवलीच. घर्षणाने लाकूड पेटलं. तिच्या स्वयंसेवक मंडळाची माणसं वेळेत वर पोचली म्हणून ती आज दिसतेय. जॅकला असलं काही होणं शक्यच नाही.

गिरणीकर
बरोबर, कारण त्याच्यात पेटण्यासारखं काही फिरतच नाही. आणि त्या वादळात टेकडी चढून गेलेली माणसं भाडं घेणारी नव्हती, दळणारी होती.

काथ्याकूट
मान्य. पण अशी वेडी माणसं प्रत्येक गावात मिळत नाहीत. जिथे मिळतात तिथे दळा. जिथे नाहीत तिथे पडदे लावून, चहा टाकून राहू द्या की कुणाला.

टाकीवाला
राहू दे, पण एका अटीवर. मुख्य आस आणि जात्याची एक जोडी जागेवरून हलवायची नाही, भले स्वयंपाकघर अर्धं होईल.

डच_जावई
आणि गोल भिंतीला कपाट बसतं का, ते आधी सुताराला विचारा.